साठ वॅटचा, बिनआवाजाचा

कोंडाजींनी तिसरा ट्रान्सफॉर्मर चालू करून कानाशी धरला, तेव्हा दुकानदार प्रीतमला हसू आवरेना.

"काका, फोन हाय का त्यो? पलीकडनं कोण बोलतंय?"

"कोन बोलत न्हाई, म्हनून तर ह्यो घेतोय. पयले दोन भुंग्यावानी गुणगुणत हुते. पत्र्या ढिल्या ठेवल्यात लेकाच्यांनी."

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये कोंडाजींनी एकतीस वर्षं ट्रान्सफॉर्मरच बनवले होते. तार गुंडाळायची, लोखंडी पत्र्या बसवायच्या, बोल्ट आवळायचे. त्यांच्या हातचा ट्रान्सफॉर्मर कधी आवाज करत नसे.

"लोड किती?" प्रीतमने विचारलं.

"अंगणातले आठ दिवे, पाच-पाच वॅटचे."

"म्हणजे चाळीस. पन्नासचा न्या की."

"साठचा दे. काठोकाठ भरला की तापतो. आन् वायर जाड दे. शेवटचा दिवा वीस मीटरवर हाय, न्हाणीपाशी. बारा व्होल्टातलं निदान अकरा तिथवर पोचाया पायजे."

"एवढी कटकट कशाला राव? थेट घरातल्या लायनीवर लावा ना."

"म्हातारी चाचपडत जाती, बाबा. वायर कुठं उघडी पडली तर?"

प्रीतमने वायर मोजायला घेतली.

कोंडाजींच्या बायकोला, गिरजाबाईंना, काचबिंदू होता. नजर कडांकडून आत आत मिटत चाललेली. दोन वर्षांपूर्वीच त्या म्हणाल्या होत्या, "आवं, अंगणात दिवं लावा. पायरी दिसंना झालीया." तयार ट्रान्सफॉर्मर तेव्हाही याच दुकानात मिळत होता. पण "माझ्या घरात दुसऱ्याच्या हातचा? मेलोय व्हय मी?" म्हणून कोंडाजी तांब्याची तार घेऊन बसले. बोटं थरथरायची. वेढे एकमेकांवर चढायचे. ते उकलायचे, पुन्हा सुरुवात करायची. अर्धवट गुंडाळी अजून फळीवर पडून होती. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. उरलेल्या नजरेसाठी कोंडाजी आज दुकानात आले होते.

दुपारभर खपून त्यांनी दिवे रोवले. दिवेलागणीला बटण दाबलं आणि शेवटच्या दिव्यापाशी मीटर लावला. साडेअकरा व्होल्ट. दारापासून न्हाणीपर्यंतची वाट पिवळीधमक उजळली होती. पायरीचा फुटका कोपरासुद्धा दिसत होता. ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतून चकार आवाज नव्हता.

गिरजाबाई ओट्यावर अंगणाकडे तोंड करून बसल्या होत्या.

"कवा लावताय?" त्यांनी विचारलं. "अंधार पडला की."

कोंडाजी मीटर हातात धरून उभे राहिले. आठही दिवे जळत होते.

"लावतो," ते म्हणाले.

त्यांनी बटण बंद केलं. पेटीचं झाकण काढलं. जे बोल्ट आयुष्यभर करकचून आवळले, तेच चारही पान्याने अर्धा-अर्धा आटा सैल केले. झाकण लावलं, पुन्हा बटण दाबलं. पेटी भुंग्यासारखी गुणगुणू लागली.

गिरजाबाईंनी आवाजाकडे मान वळवली.

"लागलं व्हय?"

"व्हय."

"लख्ख पडलाय उजेड," त्या म्हणाल्या. पायांनी चप्पल शोधली आणि भिंतीवरून हात फिरवत न्हाणीकडे निघाल्या.

कोंडाजी पान्यावरचं ग्रीस धोतराला पुसत राहिले.