जाळं किती वाजता काढलं?

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात गुणाजीइतका बोलका माणूस दुसरा नव्हता. होडी खाडीच्या तोंडाशी असतानाच त्याचा आवाज किनाऱ्याला लागतो, असं लोक म्हणत. त्यात दोन वर्षांपूर्वी वनखात्याची माणसं आली, शाळेच्या वर्गात दिवसभराचं शिबिर झालं आणि गुणाजीला 'कासवमित्र' केलं गेलं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला! किनाऱ्यावर कासव दिसो न दिसो, हा ज्याला-त्याला धडे देत सुटला. सत्तरी ओलांडलेल्या बाबाजीलाही त्याने मासळीबाजारात चारचौघांत सुनावलं होतं, "काका, जाळं पुन्हा विणता येतं. कासव येतं काय विणता?" बाबाजी ते विसरला नव्हता.

तोच गुणाजी त्या जानेवारीच्या सकाळी आठ वाजता किनाऱ्याला लागला, तो तोंडातून अवाक्षर न काढता.

होडीत चाळीसेक किलोचं कासव होतं. जाळ्याचे चार पेड पुढच्या वल्ह्यासारख्या परात रुतले होते. गुणाजीने ते समुद्रातच कापून टाकले होते, पण आता त्याचा उपयोग काय? मान लोंबत होती, डोळे अर्धे मिटलेले होते. त्याने आणि विनेशने, म्हणजे त्याच्या थोरल्या मुलाने, ते उचलून वाळूत ठेवलं. गुणाजीने डोळ्याच्या कडेला बोट लावून पाहिलं. पापणी हलली नाही.

गावाला वाटलं, कासव गेलं म्हणून बिचारा गप्प आहे. तेवढंच असतं तर बरं झालं असतं.

गुणाजीचा नेम असा, की संध्याकाळी खाडीबाहेर जाळं लावायचं आणि पहाटे चारच्या ठोक्याला काढायचं. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं. जाळ्यात अडकलं की येता येत नाही आणि ते पाण्यातला जीव असून पाण्यातच बुडतं. म्हणून जाळं फार वेळ ठेवू नका, वेळेवर काढा. हाही गुणाजीचाच धडा. पण त्या आठवड्यात थंडी अशी पडली होती, की वलांडीवर सुकत घातलेल्या बोंबलांनाही हुडहुडी भरावी. पहाटे मोबाइल वाजला. गुणाजीने गोधडीतून हात बाहेर काढला, मोबाइल गप्प केला आणि हात परत आत घेतला. मग उठला तो सहाला. जाळं हाती आलं तेव्हा सात वाजले होते, चांगलं उजाडलं होतं. होडीत बाप-लेक एकमेकांकडे न बघता काम करत राहिले.

जाळ्यात मेलेलं कासव म्हणजे त्या वाड्यात घरचं माणूस गेल्यासारखंच. साक्षात विष्णूचा अवतार तो. त्याला असं टाकून देत नाहीत. कपाळी हळद-कुंकू लावायचं, अंगावर कोरं कापड घालायचं, तोंडात तुळशीचं पान आणि चमचाभर पाणी घालायचं आणि सुरूच्या झाडांखाली पुरायचं. खड्डा मात्र ज्याच्या जाळ्यात सापडलं त्यानेच खणायचा. बाबाजी घरी जाऊन सगळं साहित्य घेऊन आला. जुना हिशेब चुकता करायला आलाय, असं गुणाजीला वाटलं. पण म्हाताऱ्याने फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"लोकाला सांगतोस, तर तुझ्या जीवाला लागणारच," तो म्हणाला. "खण बाबा, खण."

त्या हाताने गुणाजीला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो फावडं घेऊन असा खणायला लागला, की वाळू पार मागच्या लोकांच्या पायांवर उडू लागली. खरं सांगायचं तर त्याला घाई झाली होती. कासव एकदा खाली गेलं, वर वाळू पडली, की विषय संपला. मग कोणी विचारणार नव्हतं.

तेवढ्यात त्याची बायको केसर वाळवणाच्या ओट्यावरून आली. पदर खोचलेला, हाताला मासळीचा खार. लोकांना बाजूला सारत ती पुढे झाली, तेव्हा बाबाजी कासवाचं तोंड उघडून चमचा आत घालण्याच्या बेतात होता.

"काका, थांबा! पाणी नका घालू!" तिने त्याचं मनगटच धरलं.

"अगं, शेवटचं पाणी हाय."

"शेवटचं कशावरून? त्या मृणाली मॅडमनी काय सांगितलं होतं शिबिरात? कासव बुडून बेशुद्ध पडतं, मेल्यासारखं दिसतं. श्वास पण कळत न्हाय. लगेच पुरू नका म्हणाल्या होत्या. तोंडात पाणी तर अजिबात नको."

गुणाजीने फावडं थांबवलं. "असं कवा म्हणाल्या? मी व्हतो की तिथं."

"होतात. जेवणानंतर भिंतीला टेकून घोरत होतात. मी भांडी उचलत होते, मी ऐकलं."

एवढ्या दुःखातही चार माणसं हसली. गुणाजी हसला नाही. आशा वाटावी की भीती, हेच त्याला कळेना. खड्डा तर कमरेपर्यंत झाला होता.

केसरने त्याच्याच खिशातून मोबाइल काढून मृणालीला फोन लावला. मृणाली अलिबागला राहायची आणि सगळ्या किनाऱ्यावरच्या कासवमित्रांना तीच धरून होती. ती फोनवर सांगत गेली आणि केसर मोठ्याने बोलत गेली. सावलीत ठेवा. मागची बाजू वीतभर उंच करा, डोकं खाली राहू दे. पाठीवर ओलं फडकं टाका, नाक उघडं ठेवा. उलटं करू नका, समुद्रात तर मुळीच सोडू नका. विनेशने मासळीचा रिकामा क्रेट आणून मागे सारला. कोऱ्या कापडाचा मान होता तिथे केसरची जुनी साडी समुद्रात बुचकळून आली. डोकं खाली होताच कासवाच्या तोंडातून पाण्याची बारीक धार लागली.

"बघा," केसर म्हणाली.

पण धार थांबली आणि पुढे काहीच झालं नाही. नऊ वाजले, दहा वाजले. उत्तरेचा वारा सुरूंतून सूं सूं करत होता. माणसं कामाला पांगली. बाबाजी तेवढा तुळशीचं पान हातात धरून बसून राहिला, न जाणो लागलंच तर. गुणाजीने चहा घेतला नाही. दर थोड्या वेळाने तो साडीवर पाणी शिंपडायचा आणि मनात म्हणायचा, एकदा, फक्त एकदा मान हलव. मी काय म्हणशील ते करीन.

अकरा वाजता मृणाली चौलच्या रस्त्याने स्कूटीवरून आली. तिशीतली पोरगी, स्वेटरवर जॅकेट घातलेलं. तिने गुडघे टेकून कासवाची शेपटी दाबली, डोळा पाहिला, कान नाकाशी नेला. मग पिशवीतून कागद काढला.

"गुणाजीकाका, जाळं किती वाजता काढलं?"

बाबाजी बघत होता. कासवाला बघायला पुन्हा जमलेल्या पाच-सात बायका बघत होत्या. गुणाजीच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "चारला. रोजच्यासारखं. यायला तेवढा उशीर झाला."

विनेशने वाळूत बघितलं. केसरने नवऱ्याकडे बघितलं. ती त्याच्याच शेजारी झोपलेली, तिला काय ठाऊक नव्हतं? पण ती काही बोलली नाही.

मृणालीने वनखात्याच्या, प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर गाडी घेऊन नागोठण्यापर्यंत आले होते. श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर दुसरं एक कासव जखमी होऊन पडलं होतं, त्याच्यासाठी निघाले होते. ती म्हणाली, "सर, चारला पाण्याबाहेर काढलंय. म्हणजे सात तास झाले. रिस्पॉन्स नाही." पलीकडचं ऐकून तिचा चेहरा उतरला.

"सर म्हणतात, सात तासांत काहीच नाही म्हणजे आशा फार थोडी. श्रीवर्धनचं जिवंत आहे, आधी तिकडे जातात. मलाही तिकडेच बोलावलंय." ती उभी राहिली. "संध्याकाळपर्यंत असंच ठेवा तरी."

"आता काय संध्याकाळ!" बाबाजी गुडघ्यावर हात टेकून उठला. "त्याचे हाल नको करू गुणा. उन्हं वर आली. माती दे त्याला."

सगळं अगदी सोयीचं झालं होतं. खड्डा तयार होता. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तीन तासांची एक थाप त्या खड्ड्यात गेली असती आणि कासवमित्राचं नाव शाबूत राहिलं असतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणायला कोणी उरलं नसतं. गुणाजीने कासवाकडे पाहिलं. मृणालीने स्कूटीला चावी लावली.

"मॅडम!" तो ओरडला. त्याचा तो जुना, होडीच्या आधी पोचणारा आवाज परत आला होता. "सातला काढलं. चारला न्हाय. मी झोपलो होतो. थंडी होती म्हणून झोपलो होतो!"

मृणालीने चावी काढली.

"नक्की सात?"

"सात. विनेशला इचारा. केसरला इचारा. मी खोटं बोललो."

"अहो, मग चारच तास झालेत!" तिने उभ्याउभ्याच पुन्हा फोन लावला. या वेळी तिचं बोलणं भरभर झालं. "सर म्हणतात हलू नका. रेवदंडा जवळ आहे, आधी इथे येतात. पाणी शिंपडत राहा."

गुणाजी खड्ड्याच्या कडेला बसला. आता हसतील, आता बोलतील, म्हणून मान खाली घालून राहिला. बाबाजी त्याच्या शेजारी येऊन टेकला.

"मी साडेसातला उठलो," म्हातारा हळूच म्हणाला. "माझं जाळं अजून पाण्यातच हाय. आज अख्खा वाडा झोपलेला. तुझ्या जाळ्यात आलं, एवढंच." आणि हाताची वाळू झटकत, "ते बाजारातलं मात्र तू जादाच बोलला होतास."

"व्हय काका," गुणाजी म्हणाला. "जादाच बोललो."

बारा वाजायला आले होते. साडी पुन्हा भिजवायला म्हणून गुणाजीने ती उचलली आणि तसाच थांबला. कासवाची मान वर आली. अगदी बोटभर. तोंड उघडलं, आणि फुस्स करून, सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा श्वास बाहेर पडला. मग आत गेला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा फुस्स.

गुणाजी रडला. गावासमोर, मृणालीसमोर, हातात बायकोची ओली साडी धरून, चांगला हुंदके देऊन रडला. बायका हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. बाबाजीने हातातलं तुळशीचं पान खिशात घातलं आणि आपलं जाळं काढायला धावला. त्या वयात तो धावतो, हे वाड्याला त्या दिवशी कळलं.

डॉक्टर आले, तपासून गेले. कासव रात्रभर ओल्या वाळूवर विनेशच्या राखणीत राहिलं. दुसऱ्या दिवशी उन्हं आल्यावर मृणालीने ते लाटेच्या कडेला ठेवायला लावलं. ते थोडं थांबलं, मग पर मारत गेलं. मागे काही वळूनबिळून पाहिलं नाही. कासवं तसलं काही करत नाहीत.

लोक गेल्यावर नवरा-बायको दोघंच पाण्यात घोट्यापर्यंत उभे राहिले. पाणी बर्फासारखं होतं, पण गुणाजीला बाहेर यावंसं वाटेना. छातीवरचा धोंडा उतरला होता.

"तुला ठाऊक होतं मी सहाला उठलो ते," तो म्हणाला. "तू बोलली का न्हाईस?"

"म्हटलं, तुमी सांगाल."

"आणि न्हाय सांगितलं असतं तर?"

केसरने पदर खोचला आणि ओट्याकडे चालायला लागली.

"मॅडमची स्कूटी चालू झाली असती, की मीच सांगणार होते," ती म्हणाली. "चावी फिरेपर्यंतचा वेळ तुमाला दिला होता."