सहा ते सातचा पत्ता

मासोळीनं फोनवरच्या फॉर्ममध्ये मावशीच्या घराचा खरा पत्ता भरला आणि मग रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

मासोळी हे नाव मावशीनंच पाडलेलं. लहानपणी ही पोर पाण्यातून बाहेर यायलाच तयार नसायची. आता ती देशातली सगळ्यात वेगवान जलतरणपटू होती आणि सगळ्या बड्या खेळाडूंप्रमाणे तिलाही रोजच्या एका तासाचा ठावठिकाणा आधी कळवावा लागे. त्या तासात उत्तेजक चाचणीवाले कधीही येणार, बाटलीत लघवी घेणार आणि जाणार. वर्षात तीनदा तुम्ही सापडला नाहीत, तर दोन वर्षं पोहणं बंद. मासोळी दोनदा सापडली नव्हती, आणि निवड स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती.

गेले चार महिने ती मुद्दाम खोटाच पत्ता भरत आली होती, कारण फॉर्म तिच्या नवऱ्यालाही दिसायचा. सतराव्या वर्षी तिनं प्रशिक्षक म्हणून त्याचं नाव प्रतिनिधीच्या रकान्यात लिहिलं, पुढं त्याच्याशीच लग्न केलं आणि चार महिन्यांपूर्वी मोडलेलं मनगट गळ्यात अडकवून घर सोडलं. रकान्यातलं नाव मात्र तिथंच राहिलं. ते काढायचं तर अर्जावर खुद्द प्रतिनिधीची सही लागते. ज्यानं कुणी हा नियम केला त्याला कधी कुणापासून पळावं लागलं नसणार. चाचणीवाल्यांच्या कार्यालयातल्या बाईंनी तर वर सल्ला दिला, "आपसात मिटवून घ्या ना."

नामवंत खेळाडूंनी मिळून निषेधाचं पत्रही काढलं होतं. आम्ही कुठं झोपतो ते यांना का सांगायचं? पहिली सही मासोळीची होती. फुटबॉलच्या कर्णधारानं पत्रकारांपुढं दणकून भाषण ठोकलं आणि आठवड्याच्या आत गुपचूप फॉर्म भरून टाकला. बाकीचेही एकेक करून गळाले. लोक म्हणाले, लपवण्यासारखं असणारच काहीतरी. बोटं मासोळीकडेच वळली.

मावशी शिवणकाम करायची. सकाळी साडेसहाला ती मशीनशी बसली होती, पण पाय काही चालत नव्हता.

"खोटाच पत्ता टाकायचास की."

"तिसरी चूक झाली तर संपलंच सगळं, मावशी."

"आणि तो आला तर?"

"त्याला कुठं रोज बघायला सवड असते?" मासोळी म्हणाली. तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता.

सात वाजायला वीस मिनिटं उरली असताना बेल वाजली. दाराच्या भिंगातून एक बाई दिसली. निळं जॅकेट, गळ्यात ओळखपत्र, हातात पेटी. मासोळीच्या जिवात जीव आला. तिनं कडी काढली, आणि जिन्याच्या वळणावरून तो वर आला. इस्त्रीचा शर्ट, कसली घाई नाही.

"तुमचे प्रतिनिधी खालीच भेटले," बाई म्हणाल्या.

"त्यांना आत घ्यायचं नाहीये."

"त्यांचं नाव नोंदीत आहे, मॅडम, मला अडवता येत नाही. दार लावलंत तर मला नकार लिहावा लागेल. नकाराला चार वर्षं."

बाई वाईट नव्हत्या, नियमानं चालल्या होत्या. मावशी हातातल्या कात्रीसकट उठून आली.

"कात्री ठेवा हो मावशी," तो हसून म्हणाला. "लागेल कुणाला तरी."

मासोळी दारातून बाजूला झाली. पोहण्यासाठी आपण या माणसाला घरात घेतोय, या विचारानं तिला स्वतःचीच शिसारी आली.

चाचणी पंधरा मिनिटांत उरकली. तेवढ्या वेळात त्यानं घर पाहून घेतलं. मागचं दार, त्याची ढिली कडी, तिची खाट कोणत्या खोलीत आहे ते. कशालाही हात लावला नाही. बाईंनी बाटल्या सील केल्या, सह्या घेतल्या, तसा तोही उठला.

"उद्याही इथंच ना गं?" त्यानं लाडानं विचारलं. "मी भरून टाकतो फॉर्म. तुझी परत चूक नको व्हायला."

"बरं झालं, कुणीतरी लक्ष घालतंय," बाई म्हणाल्या आणि तिच्या उत्तरासाठी थांबल्या.

निवड स्पर्धेला एकवीस दिवस होते. मासोळीनं एकवीस सकाळी मनात मोजून पाहिल्या.

"हो," ती म्हणाली. "इथंच."