छातीचा विभाग चौथ्या मजल्यावर

छातीच्या डॉक्टरीणबाईंच्या नव्या विभागाचा नकाशा काढायचं काम त्यांच्या सख्ख्या दिराकडे आलं, तेव्हाच त्यांच्या कपाळाला आठी पडली. दीर आर्किटेक्ट. आपण कागदावर रेघ मारली की जगाचं कल्याण झालं, अशी त्याची ठाम समजूत.

"चौथा मजला, वहिनी!" टेबलावर नकाशा पसरत तो म्हणाला. "मोकळी हवा, छान देखावा. बसायच्या जागेत फुलझाडं, खाली जाडजूड गालिचा."

"वा! म्हणजे दम्याच्या पेशंटांना शिंकायला बाहेर जायला नको. बेडके काढायची खोली कुठाय?"

दिराने नाक मुरडलं. "शी! चहाच्या खोलीला लागून ठेवलीय. पण असं नाव नका हो घेऊ. मी 'शांतिकक्ष' लिहिलंय."

"तिथे माणसं खोकून खोकून घसा फाडणार, भाऊजी. कसली डोंबलाची शांती! आणि तिथली हवा थेट इमारतीबाहेर गेली पाहिजे, नाहीतर क्षयाचे जंतू चहाला येतील. लिफ्ट?"

"एक आहे. मधूनमधून रुसते."

बाईंनी वाद घातला नाही. कॅन्टीनमधून सरबताची नळी मागवली, दिराच्या तोंडात कोंबली आणि तपासणीतला चिमटा त्याच्या नाकाला लावला.

"श्वास फक्त नळीतून, माझे पेशंट घेतात तसा. चला, जिन्याने वर जाऊन तुमचा देखावा बघून येऊ."

दीर हट्टी. पहिला मजला ऐटीत चढला. दुसऱ्याच्या अलीकडे त्याचे डोळे पांढरे झाले आणि त्याने पायरीवर बसकण मारली. तिथे आधीच एक आजोबा धापा टाकत बसले होते, बाईंकडेच निघालेले. ते जरा सरकले.

"बसा. नवीन दिसताय. दम कधीपासून?"

दिराने नळी काढली. "आत्ताच... लागला."

"होते हळूहळू सवय," आजोबा म्हणाले.

बाईंना खरं तर दिराची फजिती बघून हसायचं होतं. पण प्राणवायू कमी पडून निळसर झालेली आजोबांची नखं दिसली आणि त्यांनी आजोबांची नाडी धरली. दीरही त्या नखांकडेच बघत होता.

त्याने नकाशा फाडला. नव्या नकाशात विभाग तळमजल्यावर आला, दाराला लागून, नेमका रुग्णालयाच्या अधीक्षकांच्या थंडगार केबिनच्या जागी.

"मग मी कुठे बसू?" अधीक्षक बांधकाम समितीच्या मीटिंगमध्ये कडाडले.

"वर," दीर म्हणाला. "वहिनींनी तुमची छाती तपासलीय. ठणठणीत आहे म्हणाल्या."

सगळी समिती खाली बघून हसली आणि ठराव पास झाला. अधीक्षकांनी बाईंशी बोलणं टाकलं. बाईंची त्यावाचून काही अडचण झाली नाही.