प्लॅटफॉर्मवरची जागा

आमच्या सासरेबुवांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं आणि मागच्या खोलीत आगगाडी सुरू केली. भल्यामोठ्या टेबलावर रूळ, बोगदा, पूल आणि स्टेशन. गाडी विकतची, पण माणसं मात्र घरची. बोटाच्या पेराएवढ्या तयार बाहुल्या आणायच्या, ब्लेडने त्यांचे हात कापायचे, हवे तसे वळवून चिकटवायचे, पुट्टीचं पोट नाहीतर अंबाडा लावायचा आणि बारीक ब्रशने रंगवायचं. एकेका माणसामागे आठवडा जायचा.

त्या प्लॅटफॉर्मवर सगळे होते. सासूबाई, कुणी पळवेल या धास्तीने पिशवी पोटाशी धरून. माझा नवरा, गाडी सुटली तरी बुटाची नाडी बांधत बसलेला. शेजारचा शिंपी, गळ्यात टेप. शिंप्याचं मांजरसुद्धा होतं. नव्हते ती फक्त मी. लग्नाला वर्ष होऊन गेलं, आणि मांजराचा नंबर माझ्याआधी लागला!

मी विचारणार नव्हते. आपणहून जागा मागायची म्हणजे मान काय राहिला? पण चहा देण्याच्या निमित्ताने रोज खोलीत जायचे, प्लॅटफॉर्मवर नजर फिरवायचे आणि चरफडत परत यायचे.

शेवटी बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, वाढदिवसाला मीच न रंगवलेल्या बाहुल्यांचा डबा आणला. म्हटलं, आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. बाबांनी उत्साहाने झाकण उघडलं, चिमट्याने एक बाई उचलून सासूबाईंशेजारी ठेवली. तिचं डोकं स्टेशनच्या छपराला लागलं. सासूबाई तिच्या गुडघ्याशी आल्या. बाहुल्यांचं माप गाडीच्या मापाशी जुळावं लागतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

नवरा हसून हसून लोळायचाच बाकी राहिला. "अगं, ही गाडीत बसणार की गाडी उचलणार?"

"राहू दे," बाबा म्हणाले, आणि डबा कपाटावर गेला. मी मोरीत जाऊन रडून घेतलं. या घरात आपल्याला जागाच नाही, असं वाटलं मला. हसा हवं तर.

दुसऱ्या दिवसापासून मागच्या खोलीचं दार आतून बंद राहायला लागलं. चहासुद्धा बाबा दाराच्या फटीतून घ्यायचे.

मग एका रविवारी त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं आणि टेबलावरची चादर काढली. स्टेशनसमोर नवा चौक झाला होता. मधोमध दोऱ्याच्या रिकाम्या रिळाचा चौथरा, आणि त्यावर तांब्याच्या रंगात रंगवलेली माझीच ती धिप्पाड बाई. एका हातात कप, चष्मा डोक्यावर चढवलेला, आणि दुसरा हात तोच चष्मा खिशात चाचपत असलेला. रोज सकाळी मी अशीच घरभर हिंडते. खाली शिंपी, सासूबाई आणि नवरा वर बघत होते. नवऱ्याची तर मान खास कापून वर वळवली होती.

मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. तरी तोंड काही गप्प बसेना. "बाबा, जिवंतपणी पुतळा? मला साधी प्लॅटफॉर्मवर जागा चालली असती."

"प्लॅटफॉर्मवरची माणसं काय, गाडी आली की निघून जातात," चिमटा पुसत बाबा म्हणाले. "तुला कुठे जाऊ द्यायचं नाही आम्हाला."

"पण अहो, पुतळ्यावर कावळे बसतात," सासूबाई म्हणाल्या.

"माझ्या गावात कावळे नाहीत."

आणि खरंच, आजवर त्यांनी एकही कावळा केलेला नाही. मांजर मात्र चौथऱ्यावर, माझ्या पायाशी आणून बसवलंय.