नवाबभाईंचं 'नंतर'

मी पेठच्या नवाबभाईंच्या दुकानातला डेस्कटॉप बोलतोय. बाहेरच्या पाटीवर 'सर्व ऑनलाइन कामे अचूक होतील' असं लिहिलंय. ती पाटी माझ्यातच तयार झाली, म्हणून मी गप्प बसतो.

नवाबभाईंचा माझ्यावर जीव. रोज पडदा पुसत, वर दिलशादभाभींनी विणलेलं कव्हर घालत. पाठीमागच्या जाळीत मात्र सात वर्षांची धूळ. मी धापा टाकू लागलो की म्हणत, जुनं झालंय राव. अपडेट मागितलं की 'नंतर'वर बोट. घरी जाताना भिंतीवरचं बटण खटकन बंद. मला आवराआवर करायलाही सवड नाही. फायलींची नावं विचाराल, तर 'नवीन', 'नवीन नवीन', 'फायनल' आणि 'आता फायनल'.

एकदा पिंपळवंडीच्या सारजाबाई जुनी कॅसेट घेऊन आल्या. तिच्यात त्यांच्या वारलेल्या मालकांचा, भिमाजींचा आवाज होता. नवाबभाईंनी तो माझ्यात उतरवला आणि काढताना फीत तुटली. दुसरी प्रत करून ठेवा, असं भाभी म्हणाल्या. भाई म्हणाले, नंतर.

त्याच संध्याकाळी मी कंटाळून स्वतःच अपडेट सुरू केलं. पडद्यावर ठळक लिहिलं, बंद करू नका. भाईंनी न वाचता बटण दाबलं.

सकाळी मी उठलोच नाही. सारजाबाई बाकावर येऊन बसलेल्या. भाईंनी मला दोन थापा मारून पाहिल्या. मग मान खाली घालून म्हणाले, "माझ्यामुळं झालं, आजी."

त्या बाकावरून उठल्या नाहीत.

दुपारी भाभींची भाची इफरा आली. ती पुण्यात संगणक दुरुस्त करते. तिनं धूळ उडवली, माझी डिस्क काढून आपल्या यंत्राला जोडली आणि एकेक 'नवीन' उघडत गेली. एकेचाळिसाव्यात भिमाजी सापडले.

"सारजे, बंद कर ते. सेल जात्यात."

सारजाबाईंनी पदर तोंडाला लावला. "मेल्यावर बी सेलचीच काळजी," म्हणाल्या, आणि पुन्हा लावायला सांगितलं. चार वेळा.

आता नवाबभाई तीन-तीन प्रती ठेवतात आणि गिऱ्हाइकांना असा उपदेश करतात, जणू हा शोध त्यांचाच. करू द्या. तुमच्याही घरी कुणाचा आवाज एकाच जागी पडून असेल. त्याची दुसरी प्रत आजच करा. माझ्यावर लई भरवसा ठेवू नका, मी यंत्र आहे.