विरघळणारा स्क्रू

प्रयोगशाळेत सगळे तिला विरघळबाई म्हणत, तेही तोंडावर. तिला असा स्क्रू बनवायचा होता, जो मोडलेलं हाड जुळेपर्यंत घट्ट धरून ठेवेल आणि मग शरीरातच विरून जाईल. तो काढायला पुन्हा चिरफाड नको. बोलायला सोपं! पहिले स्क्रू तिने खारट पाण्यात टाकले, तर आठवड्याभरात त्यांचा भुगा. पुढचे इतके चिवट की विरघळायचं नाव घेईनात.

"लोक टिकणाऱ्या वस्तू करतात," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आमची सून नाहीशा होणाऱ्या करते. आणि त्याही धड नाहीशा होत नाहीत!"

ती हसली, पण शब्द लागले. स्क्रूच्या मॅग्नेशियममध्ये काय, किती मिसळायचं हे बदलत ती भट्टीपाशी पाय रोवून उभी राहिली. अखेर चाचणीतल्या मेंढ्यांची हाडं नीट जुळली, माणसांवर वापरायची परवानगी आली, आणि एका सर्जनने पहिला स्क्रू एका बस चालवणाऱ्या बाईंच्या घोट्यात बसवला.

दीड महिन्याने त्याचा फोन आला. "लगेच या."

एक्स-रेवर स्क्रूभोवती काळे डाग होते.

"हाड खातोय तुमचा स्क्रू," सर्जन म्हणाला. "उद्याच काढतो."

तिने फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. नीट पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. "हे बुडबुडे आहेत, डॉक्टर. धातू विरताना वायू सुटतो. मेंढ्यांतही असंच दिसलं होतं. नंतर तिथे हाड भरलं."

"मेंढ्या बस चालवत नाहीत!"

"अहो, पाय माझा आहे," पलंगावरून ड्रायव्हरबाई गरजल्या. "मला विचारा की कोणीतरी! ताप नाही, सूज नाही, ठणका नाही. थांबलं तर वाईटात वाईट काय होईल?"

"नंतर काढावा लागेल," सर्जन पुटपुटला.

"म्हणजे उद्या जे करणार, तेच ना?" त्या विरघळबाईकडे वळल्या. "खरं सांगा, तुमच्या पायात असता तर थांबला असतात?"

"थांबले असते," ती एका दमात म्हणाली.

"मग ठरलं."

ठरलं खरं, पण तिचा घास गोड लागेना. फोन वाजला की हातातलं टाकून ती धावे. दर तपासणीला डाग जरा पुसट दिसत, आणि सर्जन नुसता "हं" म्हणे.

वर्ष उलटून गेल्यावर त्याने दोघींदेखत नवा एक्स-रे दिव्यासमोर लावला. वर शोधलं, खाली शोधलं, चष्मा पुसून पुन्हा शोधलं. स्क्रू नव्हताच. काळ्या डागांच्या जागी पांढरंशुभ्र, अखंड हाड.

"हरलो बुवा," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की जिंकलेल्याने पाहत राहावं. "आता सांगा, पुढचे स्क्रू कधी देता? माझ्याकडे रांग लागलीय."

विरघळबाईचे डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू होतं.

"रडताय काय? चला!" ड्रायव्हरबाईंनी तिचा हात धरला आणि जिन्यावरून दोन दोन पायऱ्या गाळत खाली निघाल्या. मागून सर्जन ओरडत होता, "सावकाश! अहो, सावकाश!" ऐकतंय कोण!