कर्णावरची फट

घाईबाई आज खुर्चीला टेकेल तर शपथ. हे नाव तिला प्रयोगशाळेतल्यांनी ठेवलेलं, आणि तिनेही ते सार्थ केलं होतं. पडद्याकडे जायचं, बघायचं, दाराशी जायचं, पुन्हा पडद्याकडे.

पडद्यावर फट होती.

नखाएवढा काळा स्फटिक निर्वात भांड्यात थंडगार करायचा, त्यावर प्रकाश टाकायचा आणि बाहेर उडणारे इलेक्ट्रॉन मोजायचे, हे तिचं काम. असा स्फटिक थंडीत विजेला अजिबात अडवत नाही. तेव्हा त्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत एक फट पडते. पण स्फटिकातल्या अणूंच्या चौकोनी मांडणीच्या कर्णावर ती मिटते, असं आजवर सगळे सांगत आले. घाईबाईला नेमकी तिथेच सापडली. बारीक होती, पण तात्पुरती नोकरी पक्की व्हायला तेवढी पुरे होती.

"आता तुला इथून कोण हलवतो तेच बघतो!" सर म्हणाले आणि बातमी द्यायला वरच्या मजल्यावर पळालेसुद्धा.

तिने आईला फोन लावला. "आई, मला फट सापडली!"

"अगं मग बुजव की! मला काय विचारतेस?"

ती पोट धरून हसली. फोन ठेवला आणि हसणं मधेच अडकलं. स्फटिक चिकटवताना गोंद वाळेपर्यंत तिला धीर निघाला नव्हता. ओल्या गोंदावर तो जरासा जरी फिरला असला, तर ती मोजत होती तो कर्ण नव्हताच. कर्णाच्या शेजारी तर फट असतेच असते.

गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं, निदान नोकरी पक्की होईपर्यंत. तिला सरांचा राग आला, गोंदाचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. उद्या बघू म्हणायचीही सोय नव्हती, स्फटिकाचा ताजा पृष्ठभाग हळूहळू खराब होत होता. तिने भांड्याबाहेरची चकती धरून आतला स्फटिक किंचित फिरवला, नवी मोजणी लावली आणि खुर्चीत बसली. मोजणी पुरी होईपर्यंत बसून राहिली.

जिन्यावर सरांचा आवाज आला, सोबत आणखी चौघांचा. पडद्यावरची फट भरत भरत नाहीशी झाली.

फोन वाजला. आईच होती. "काय गं, बुजली का ती फट?"

"बुजली, आई."

"मग रडतेस कशाला, वेडे?"